दारातलं स्टूल

मी धारला ज्या दवाखान्यात कामाला होते, तिथे आत डॉक्टरसाहेब, मध्ये हिरवा पडदा आणि पडद्याच्या अलीकडे दाराशी मी. मला एक लोखंडी स्टूल होतं आणि एक डगमगतं टेबल. टेबलावर नावं लिहायची वही, थर्मामीटर, स्पिरिटची बाटली, कापूस आणि रक्तदाब मोजायचं यंत्र. सगळे मला सिस्टर म्हणत, पण मी काही पुरी सिस्टर नव्हते. पुरी सिस्टर साडेतीन वर्षं शिकायची. मी ए.एन.एम., म्हणजे अठरा महिन्यांची. हा कोर्स आधी दोन वर्षांचा होता. 1973च्या कर्तारसिंग समितीनंतर तो कमी झाला आणि आमच्यासारख्या मुली सहा महिने लवकर कामाला लागल्या. सरकारी नोकरी म्हणजे आडगावच्या उपकेंद्रात एकटीनं राहणं. ते घरी पसंत नव्हतं, म्हणून हा खासगी दवाखाना.

पहिल्या दिवशी डॉक्टरसाहेब म्हणाले, "नाव लिहा, ताप बघा, नंबरानं आत सोडा. कुणी जास्त आजारी असेल तर त्याला आधी."

एवढंच माझं ट्रेनिंग. जास्त आजारी कोण हे ओळखायचं कसं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाळंतपण, लसी, कुटुंबनियोजन शिकून आलेल्या मुलीला वाटतं, ते काय, दिसेलच की.

मोठ्या इस्पितळांत आता या कामाला ट्रायाज म्हणतात. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ निवडणं. लोकर, कॉफीच्या बिया असलं काहीबाही निवडायला तो वापरत. नेपोलियनच्या फौजेतल्या लॅरे नावाच्या शल्यवैद्यानं असा नियम घातला की जखमी सैनिकाचा हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची. सेनापतीचं बोट कापलं असेल तर तो थांबेल, शिपायाची मांडी फुटली असेल तर तो आधी. वाचायला किती सोपं. निवडणं मला काही नवं नव्हतं. आमच्या घरी गहू, डाळ, भाजी काहीही न निवडता चुलीवर गेलं नाही. आई सूप घेऊन उजेडात बसायची, एकेक दाणा बघायची. पण सुपातले दाणे ओरडत नाहीत, की ओळख सांगत नाहीत.

दवाखान्यात ओळख सांगणारे पुष्कळ. धार पवारांची राजधानी. संस्थान जाऊन तीसपस्तीस वर्षं झाली होती, तरी कुणाचे आजोबा राजवाड्यात कोण होते हे लोकांना पाठ असायचं, आणि ते मला वहीत नाव लिहिताना ऐकवलं जायचं. व्यापारी मंडळी नोकराला आधी पाठवून नंबर लावत. कुणी पक्षाचा माणूस, कुणी डॉक्टरसाहेबांचा वर्गमित्र. आमचं घराणं मूळ सोलापूरकडचं. घरात मराठी, बाजारात हिंदी, बायका-बायकांत माळवी. त्यामुळे धारचे मराठी लोक मला आपली समजत आणि जैन लोक तर आपलीच समजत. दोघांनाही वाटे की स्टूलवर आपला माणूस बसलाय.

आणि बाहेर ओट्यावर भिल्ल, भिलाला. धार जिल्ह्यात निम्म्याहून जास्त वस्ती आदिवासी. तिरला, गंधवानी, बाग, कुठून कुठून बसनं, जीपच्या टपावर बसून, नाहीतर पायी येत. हाटाच्या दिवशी तर ओटा भरून जायचा. ही माणसं आत येऊन बाकावर बसत नसत. बाक रिकामा असला तरी नाही. "कईं हुयो?" विचारलं की म्हणत, "कईं नी, बुखार हे." बाकीचं मीच शोधायचं.

भादव्यात मलेरियाची इतकी गर्दी व्हायची की वहीची दोन पानं एका संध्याकाळी भरत. थंडी वाजून थरथरणारा माणूस बघून सगळे म्हणत, याला आधी घ्या. मीही घेई. पुढे कळलं, थरथरतोय, कण्हतोय, पाणी मागतोय, तो बहुतेक करून निभावतो. ज्याची भीती बाळगायची तो कोपऱ्यात भलतंच काहीतरी पुटपुटत असतो आणि घरचे म्हणतात, तापात बडबडतोय. मेंदूत चढलेला मलेरिया असा दिसतो. सांध्यांच्या दुखण्यानं रडणारा एक भिल्ल पोरगा दर दोनचार महिन्यांनी यायचा. ढोंगी आहे असं आमचा कंपाउंडर म्हणायचा आणि मलाही तसंच वाटायचं, कारण पायावर ना सूज ना जखम. त्या पट्ट्यात सिकलसेल किती आहे हे पुढे सगळ्यांना कळलं. त्या पोराला मी दरवेळी शेवटी बसवलं होतं.

हे सगळं चुकत चुकत शिकले. माणूस फाटकातून कसा येतो ते बघायचं. चालत येतो, टेकत येतो की उचलून आणतात. कपाळापेक्षा पायाला हात लावायचा. ताप कपाळावर कळतो, पण अंगातलं पाणी संपलंय हे गार पावलं सांगतात. नख दाबून सोडायचं, गुलाबी रंग पटकन परततो का बघायचं. तान्ह्याच्या आईला एकच विचारायचं, दूध ओढतंय का? ती नाही म्हणाली की नंबर संपला, सरळ आत. हे कोणत्या पुस्तकातून आलं नाही. म्हणजे पुस्तकात होतं, पण माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

आणखी एक. रांग एकदा लावली म्हणजे काम झालं असं नाही. पाच वाजता बरा दिसलेला माणूस सहा वाजता बरा असेलच असं नाही. एक गृहस्थ आले होते, कपड्याचे व्यापारी, अत्यंत सभ्य. छातीत जळजळ, गॅस झालाय म्हणाले. स्वतःचा नंबर एका म्हातारीला दिला आणि वर्तमानपत्र वाचत बसले. अर्ध्या तासानं मी सहज पाणी द्यायला गेले, तर त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची पाठ भिजून चिकटली होती आणि वर्तमानपत्राचं पान तेच होतं. हार्ट अटॅक होता. ते वाचले. त्यानंतर दर अर्ध्या तासानं उठून एक फेरी मारायची सवय मी लावून घेतली. ओट्यापर्यंत मात्र ती फेरी दरवेळी जात नसे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

1984 सालचा भाद्रपद. आमचं दशलक्षण पर्व चालू होतं, नववा दिवस. आमच्या मंदिरातल्या एका बाईंनी दहा उपवास धरले होते. दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, बाकी काही नाही. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला त्यांना घेऊन सहासात जणी आल्या. देवळात उभ्या असताना त्यांना घेरी आली होती. बरोबर त्यांची सासू, जाऊ, नणंद आणि मला लहानपणापासून ओळखणाऱ्या एक काकू. काकू म्हणाल्या, "अगं, सूर्यास्ताच्या आत डॉक्टरांनी बघायला पाहिजे. काही घ्यायची वेळ आली तर नंतर पाणीही चालणार नाही. उद्याचा एकच दिवस राहिलाय."

मी त्यांचा रक्तदाब घेतला. थोडा कमी, पण नवव्या उपवासाला असतो तेवढाच. नाडी ठीक. बाई शुद्धीवर, हसत होत्या, उलट माझीच चौकशी करत होत्या. तरी मी त्यांना आत सोडलं, पंधरावीस नंबर ओलांडून. सूर्यास्ताचं कारण खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर ते कारण मला हवं होतं. उपवास मोडला असता तर मंदिरात सगळ्या म्हणाल्या असत्या, आपली मुलगी दारात असून असं झालं.

आत पंचवीस मिनिटं गेली. सासूबाईंना गुडघ्याचं विचारायचं होतं, जावेला आणखी काही.

ओट्यावर एक भिल्ल बाई तिसऱ्या प्रहरापासून बसली होती. मूल आठनऊ महिन्यांचं, पदराखाली. वहीत मी लिहिलं होतं, 'बालक, ताप'. लिहिताना मूल बघितलं नव्हतं, ती म्हणाली तेवढं लिहिलं. मधे एकदा नजर टाकली तर मूल गप्प होतं. मला वाटलं, झोपलंय, बरं झालं. बाकावरची दोन मुलं किंचाळत होती, त्यांच्याकडेच माझं लक्ष.

उपवासाच्या बाई बाहेर आल्या आणि पायऱ्या उतरताना त्यांचाच पदर त्या बाईच्या डोक्याला लागला. त्या थांबल्या, वाकल्या, आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, हे बाळ बघा हो."

पदर बाजूला केला. मुलाच्या नाकपुड्या फुलत होत्या. श्वासागणिक बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता. पसली चलना म्हणतात तिकडे. पोटावर डागल्याच्या चार ताज्या खुणा. गावात अशा वेळी तापल्या सळईनं डाग देतात. ती मूल झाकून का बसली होती ते मला तेव्हा कळलं. आठ दिवसांपूर्वी अशाच एका बाईला मी सगळ्या रांगेसमोर झापलं होतं, जनावर आहे का ग तुझं पोर, म्हणून. मोठ्या सात्त्विक संतापानं. ही त्या बाईच्या गावची होती की नव्हती, माहीत नाही. पण ओट्यावर अशा गोष्टी पसरतात. सिस्टर ओरडते, मूल झाकून ठेव.

डॉक्टरसाहेबांनी इंजेक्शन दिलं आणि ताबडतोब इंदूरला न्यायला सांगितलं. साठ-पासष्ट किलोमीटर. जीपवाला आधी पैसे मागू लागला. पैसे दिले ते काकूंनी आणि त्या उपवासाच्या बाईंच्या सासूनं, कमरेच्या पिशवीतून नोटा काढून, मोजल्यासुद्धा नाहीत. बाई बिचारी मला हात जोडून जीपमध्ये बसली. मला हात जोडून!

ते मूल वाचलं की नाही मला माहीत नाही. पुढची तीन वर्षं हाटाच्या दिवशी मी ओट्यावर चेहरे शोधायची. ती आली नाही. आली असेल तर मी ओळखलं नाही, कारण तिचा चेहरा मी नीट बघितलाच कुठे होता?

तीन दिवसांनी क्षमावाणी. मंदिरात सगळे एकमेकांना उत्तम क्षमा म्हणत होते. काकू आल्या, उपवासाच्या बाई आल्या, त्यांचं पारणं छान झालं होतं. मी सगळ्यांना हात जोडले.

पुष्कळ वर्षांनी देवासच्या मंदिरात स्वाध्यायाला बसत होते, तेव्हा दत्ती हा विषय निघाला. दत्ती म्हणजे देणं. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात तिचे चार प्रकार आहेत. मुनींसारख्या सत्पात्राला भक्तीनं द्यायची ती पात्रदत्ती. आपल्यासारख्याच श्रावकाला मानानं द्यायची ती समदत्ती. आपल्या वंशात मुलाच्या हाती सगळं सोपवायचं ती अन्वयदत्ती. आणि भ्यालेल्या, दुःखी जीवाला अभय द्यायचं ती दयादत्ती. पंडितजी समजावून सांगत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे तो ओटा. त्या संध्याकाळी मी स्टूलवर बसून समदत्ती केली होती. पुण्याचंच काम, शास्त्रात बसणारं. फक्त त्या जागेवर ते करायचं नव्हतं. दवाखान्याच्या दारात चारांतली एकच चालते. मी हे पंडितजींना बोलून दाखवलं. ते म्हणाले, बेटी, सगळ्यांचे आपापले स्थान आहे. बरोबर आहे त्यांचं. पण रांगेत स्थान एकच असतं, पहिलं, आणि ते एका वेळी एकालाच मिळतं. सगळे जीव सारखे हे मला जन्मापासून शिकवलेलं. सारख्यांमधून आधी कोण, हे कुणी शिकवलं नव्हतं.

1987 साली यजमानांची बदली देवासला झाली आणि मी तिथल्या एका दवाखान्यात लागले. देवास गंमतीचं गाव. एकाच गावात दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन राजवाडे, दोन दरबार. आधी कोण हा प्रश्न त्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या पडलेला. मी गेले तोवर ते सगळं संपून कारखाने आले होते, बँक नोट प्रेस आली होती. पेशंट शिफ्टची वेळ सांभाळून येत. ओटा नव्हता, पण गप्प बसणारे होतेच. खोकला लपवणारे कामगार, कारण टी.बी. कळला तर नोकरीचं काय. टेकडीच्या त्या गावाला क्षयाचा पेशंट काही नवा नव्हता. 1948 साली कुमार गंधर्व आजारी होऊन इथल्या कोरड्या हवेसाठीच आले, कित्येक वर्षं गाणं बंद ठेवून पडून राहिले आणि मग परत गायला लागले. लपवणाऱ्यांना मी त्यांचं नाव सांगायची. काहींना माहीत असायचं, काही विचारायचे, कोण कुमार? खोकणाऱ्याला खिडकीशी बसवायचं, किती आठवडे झाले ते हळू आवाजात विचारायचं. तेव्हा तीन आठवडे झाले की थुंकी तपासायला सांगत, पुढे ते दोन आठवड्यांवर आलं.

देवासलाच एका सरकारी ए.एन.एम. मैत्रिणीनं मला श्वास मोजायला शिकवलं. तिचं नुकतंच ट्रेनिंग झालं होतं. मूल शांत असताना, रडत नसताना, पोट उघडं करून घड्याळ लावून पुरा एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षं चाळीस किंवा जास्त, की न्यूमोनिया समजायचा. बरगड्या आत ओढल्या जात असतील तर मोजत बसायचं नाही, पळायचं. स्टेथोस्कोप नको, एक्स-रे नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या माणसांना, दाईंना हे शिकवलं, आकडे येत नसतील तर मण्यांनी मोजायला लावलं, आणि त्या भागात न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू कमी झाल्याचं 1990 साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. अक्षर न येणारी दाई हे करत होती. मी अठरा महिने शिकलेली, दारात घड्याळाखाली बसत होते. धारच्या त्या स्टूलच्या बरोब्बर वर भिंतीला घड्याळ होतं.

नंतर मी पाच वर्षांखालच्या, ताप किंवा खोकला असलेल्या प्रत्येक मुलाचे श्वास मोजले. डॉक्टर म्हणायचे, बाई, वेळ फार घेता. एक मिनिट, साहेब, मी म्हणायची. डाग दिलेली मुलं देवासकडे कमी दिसली, पण दिसली. एकाही आईला मी बोलले नाही. "बरं केलंस आणलंस" एवढंच म्हणायची. तोंडात सहज येत नव्हतं ते, सुरुवातीला ठरवून म्हणावं लागे.

2021च्या एप्रिलमध्ये मी घरीच होते, निवृत्त. गल्लीतले लोक फोनवर विचारायचे, काकू, काय करू? ऑक्सिमीटर बोटाला लावा आणि आकडा सांगा, मी म्हणायची. चौऱ्याण्णवच्या खाली गेलेला माणूस फोनवर म्हणायचा, मला काही होत नाहीये, चहा पितोय. तेच ते. गप्प असलेला, सभ्य, दुसऱ्याला नंबर देणारा.

परवा माझ्याच गुडघ्यासाठी दवाखान्यात गेले होते. आता टोकनचं मशीन आहे, वर टी.व्ही.वर लाल आकडा येतो. इंदूरहून फोनवर नंबर लावलेले लोक गाडीतून उतरून थेट आत जातात. दाराशी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, समोर कॉम्प्युटर, मान खाली. माझ्या पलीकडच्या खुर्चीत एक बाई, मांडीवर मूल, शालीत गुंडाळलेलं. मी म्हटलं, ऊन किती आहे, शाल काढ की जरा. तिनं संकोचून काढली. मी मनगटावरचं घड्याळ बघत मोजू लागले. अठ्ठेचाळीस. वय विचारलं, सव्वा वर्षाचं.

मी उठून काउंटरशी गेले. मुलगी मान वर न करता म्हणाली, "आजी, तुमचं टोकन?"

"सत्तावीस. पण माझं राहू दे. चौतीस नंबरला आधी घे."

"सिस्टिममध्ये मागचा नंबर पुढे घेता येत नाही हो."

"मग माझं सत्तावीस तिला दे आणि तिचं चौतीस मला. आणि तू जरा उठून ये इकडे, तुला एक दाखवते. घड्याळ आहे ना तुझ्याकडे?"

तिनं मोबाइल उचलला आणि खुर्ची मागे सारली.